लँगोलेन येथील दोन वृद्ध सखींची दिनचर्या व तिचीं साधनें

जुन्या दप्तरांत वृद्ध माणूस बहुधा दोनच प्रसंगीं भेटतो. वतन किंवा इनाम पुढील पिढीच्या नांवें करून देतांना एकदां, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांच्या तंट्यांत पुन्हां एकदां. मधलीं वीसपंचवीस वर्षें तो केव्हां उठे, काय वाची, संध्याकाळीं कोणाच्या सोबतीनें बसे, याची नोंद सरकारी कागदांत नसते. मग ज्यांस संतति नव्हती आणि ज्यांच्या जन्माच्या सोबत्यास कायदा ओळखीतच नव्हता, अशा समलिंगी स्त्रीपुरुषांचें वार्धक्य त्या कागदांत कोठून आढळणार? त्यांचा इतिहास असतो तो रोजनिशींत, घरखर्चाच्या वहींत व खासगी पत्रांत. आणि घर मोकळें करतांना प्रथम चुलींत किंवा रद्दींत जातात ते हेच कागद.

असे कागद टिकले तर काय कळूं शकतें, आणि त्यांचा उपयोग करतांना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हें दाखविण्यासाठीं वेल्समधील लँगोलेन या गांवच्या दोन स्त्रियांचें उदाहरण येथें घेतलें आहे. इंग्लंडांत हें प्रकरण सुप्रसिद्ध आहे; प्रस्तुत लेखांत त्याकडे मुख्यतः साधनांच्या दृष्टीनें पाहावयाचें आहे.

१. व्यक्ति व स्थळ

लेडी एलिनॉर बटलर हिचा जन्म इ. स. १७३९ मधील. आयर्लंडांतील किल्केनीच्या गढीचें बटलर घराणें तें तिचें घराणें. शिक्षण फ्रान्समधील कांब्रे येथील मठांत झालें. सारा पॉन्सनबी ही इ. स. १७५५ मध्यें जन्मली, लहानपणींच पोरकी झाली व पुढें किल्केनी परगण्यांतील वुडस्टॉक येथें नातलगांच्या आश्रयास राहिली. सारा किल्केनी येथें शाळेंत असतांना इ. स. १७६८ मध्यें दोघींची ओळख झाली. वयांत सोळा वर्षांचें अंतर होतें. कालांतरानें एलिनॉरला मठांत धाडण्याचा विचार तिच्या घरीं सुरू झाला, आणि साराला ज्या घरांत आश्रय होता तेथील यजमानाचीच वांकडी नजर सोसण्याची पाळी तिच्यावर आली.

मार्च १७७८ मध्यें दोघी पुरुषवेषानें घराबाहेर पडल्या. त्यांस धरून परत आणण्यांत आलें. परंतु निश्चय ढळेना, तेव्हां आप्तांनीं हात टेकले व मे महिन्यांत त्यांस जाऊं दिलें. मेरी कॅरिल ही दासी त्यांच्याजवळ राहिली. वेल्समध्यें कांहीं काळ फिरून इ. स. १७८० मध्यें त्यांनीं लँगोलेन येथें एक लहानसें घर घेतलें व त्याचें जुनें नांव बदलून ‘प्लास नेविध’, म्हणजे ‘नवा वाडा’, असें ठेविलें. एलिनॉर २ जून १८२९ रोजीं, वयाचीं नव्वद वर्षें पुरीं करून, वारली. सारा ९ डिसेंबर १८३१ रोजीं वारली. एका छपराखालीं सुमारें पन्नास वर्षें झालेला हा संसार होय.

२. साधनांची प्रतवारी

पहिल्या प्रतीचीं साधनें दोघींच्या स्वहस्ताक्षरांतील आहेत. एलिनॉरची रोजनिशी, साराच्या जमाखर्चाच्या वह्या, इ. स. १७७८ च्या प्रवासाचें सारानें लिहिलेलें टिपण आणि पत्रव्यवहार, हीं त्यांत येतात. रोजनिशी सलग नाहीं. मधलीं कित्येक वर्षें रिकामीं आहेत. यांतील बराच भाग आयर्लंडांतील हॅमवुड या घरीं, साराच्या नात्यांतील कॅरोलिन हॅमिल्टन हिच्या वंशजांकडे, राहिला व इ. स. १९३० मध्यें श्रीमती बेल यांनीं ‘हॅमवुड पेपर्स’ या नांवानें त्यांतील वेंचे छापले. आप्तांनीं ज्यांस एके काळीं धरून आणलें त्यांचेच कागद आप्तांच्याच घरांत शंभर वर्षें सांभाळले गेले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या प्रतीचीं साधनें म्हणजे पाहुण्यांचे वृत्तांत. लंडन व आयर्लंड यांमधील रस्ता लँगोलेनवरून जात असल्यामुळें येणाराजाणारांची तेथें कमतरता नव्हती. तिसऱ्या प्रतींत वर्तमानपत्रें येतात. जुलै १७९० मध्यें लंडनच्या एका पत्रानें या दोघींच्या असामान्य स्नेहाविषयीं मजकूर छापून एलिनॉर ही उंच व पुरुषी असल्याचें वर्णन केलें. वस्तुतः ती ठेंगणी व स्थूल होती. म्हणजे लेखकानें तिला पाहिलेंहि नसावें. संतापून त्यांनीं प्रसिद्ध मुत्सद्दी एडमंड बर्क याचा सल्ला विचारला. त्यानें सांत्वन केलें, परंतु न्यायालयांत जाऊं नये असेंच सुचविलें. चारचौघांत चर्चा झाली असतां नुकसान आपलेंच, हें त्या काळीं अशा जोडप्यास पुरतें ठाऊक होतें.

३. दिनचर्या

रोजनिशी वाचतांना प्रथम निराशा होते. हवा कशी होती, कोणाचें पत्र आलें, काय जेवलों, बागेंत कोणतें झाड लाविलें, किती फेऱ्या घातल्या, कोणता ग्रंथ वाचला, हाच मजकूर पुन्हां पुन्हां येतो. पण याच पुनरुक्तीचें मोल मोठें आहे. सकाळीं बागेची फेरी, गुरांची व दुधाची देखरेख, दुपारीं पत्रें, सायंकाळीं एकीनें वाचावें व दुसरीनें शिवणटिपण किंवा चित्र काढीत ऐकावें, असा हा क्रम आहे. रूसो व मादाम द सेविन्ये यांचे फ्रेंच ग्रंथ, तसेंच इटालियन काव्यें, त्यांच्या वाचनांत होतीं. ग्रंथांच्या एका पुठ्ठ्यावर एकीचीं आद्याक्षरें व दुसऱ्यावर दुसरीचीं, अशी त्यांची बांधणी असे. पैशाची ओढ मात्र कायमची होती. आप्तांकडून येणारी रक्कम तुटपुंजी, त्यांत बाग व ग्रंथ यांचा शौक मोठा. त्यामुळें देणेकऱ्यांची चिंता या काव्यमय एकांतांत वरचेवर डोकावते. नक्षीच्या ओक लांकडाचीही त्यांस हौस होती. येणारा पाहुणा एखादा कोरीव तुकडा भेट आणी, आणि तो घराच्या भिंतींवर जडविला जाई.

एलिनॉर आपल्या रोजनिशींत साराचा उल्लेख नांवानें क्वचितच करते. ‘माझी प्रिय’ याच अर्थाचा शब्द ती योजते. तिला अर्धशिशीचा त्रास असे. अशा दिवशीं सारा उशाशीं बसून होती, एवढें ती टिपते. वार्धक्यांतील सोबत म्हणजे काय, याचा याहून विश्वसनीय पुरावा कोणता असणार?

४. वृद्धपणाचा काळ

इ. स. १८०९ मध्यें मेरी कॅरिल वारली. तिनें आपली शिल्लक साराला ठेविली होती. दोघींनीं तिची समाधि गांवच्या सेंट कॉलेन मंदिराच्या आवारांत तीन बाजूंची बांधविली व उरलेल्या दोन बाजू आपणांसाठीं मोकळ्या ठेविल्या. आज तिन्ही बाजूंवर तिघींचीं नांवें आहेत. खानदानी स्त्रियांनीं दासीच्या शेजारीं चिरविश्रांति घ्यावी, ही त्या समाजांतील साधी गोष्ट नव्हे. रक्ताचें कुटुंब दुरावलें तेव्हां त्यांनीं जें कुटुंब स्वतः जोडलें, त्याचा हा शिलालेखच म्हटला पाहिजे.

पुढील वीस वर्षांचें चित्र पाहुण्यांनीं रेखाटलें आहे. इ. स. १८२० मध्यें नट चार्ल्स मॅथ्यूज यानें ऑस्वेस्ट्रीच्या नाट्यगृहांत त्यांस प्रेक्षकांत पाहिलें. काळे अंगरखे, पुरुषी टोप्या, आंखूड कापलेले व पांढरी भुकटी लाविलेले केस, यांमुळें त्या त्याला दोन वृद्ध पाद्र्यांसारख्या दिसल्या. विनोदाचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. एक्क्याऐंशी वर्षांची एलिनॉर व पासष्ट वर्षांची सारा नाटक पाहण्यासाठीं गाडीनें परगांवीं जात होत्या. इ. स. १८२४ मध्यें कवि वर्ड्स्वर्थ आला व त्यानें त्यांच्यावर सुनीत रचलें. त्यांत घराचा उल्लेख लहानशी झोपडी असा आल्यामुळें दोघी रुष्ट झाल्या. इ. स. १८२५ मध्यें वॉल्टर स्कॉट व इ. स. १८२८ मध्यें जर्मन राजपुत्र प्यूक्लर-मुस्काऊ येऊन गेले. मराठी वाचकांस परिचित असा एक स्नेही म्हणजे इ. स. १८०३ मध्यें असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली. तो इ. स. १८०८ मध्यें स्पेनच्या मोहिमेस निघाला तेव्हां एलिनॉरनें त्यास स्पॅनिश भाषेंतील प्रार्थनापुस्तक दिलें व त्यावरून तो ती भाषा शिकला, अशी हकीकत आहे.

शेवटच्या वर्षांत एलिनॉरची दृष्टि जवळजवळ गेली. याच काळांत लेडी लेटन हिनें दोघींचें रेखाचित्र त्यांच्या नकळत काढलें. ग्रंथालयांतील मेजापाशीं दोघी बसल्या आहेत, असें तें चित्र आहे. उंच टोप्या घालून बाहेर उभ्या असलेल्या दोघींचें जें शिळाछाप चित्र सर्वत्र आढळतें, तें मात्र मरणोत्तर असून त्यांतील चेहरे याच रेखाचित्रावरून परवानगीवांचून उचललेले आहेत. संग्राहकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. घराविषयींहि तेंच. आज दर्शनी भागीं दिसणारी काळ्यापांढऱ्या लांकडी पट्ट्यांची रचना या दोघींच्या काळची नसून इ. स. १८७६ मध्यें घर विकत घेणाऱ्या जनरल यॉर्क याच्या वेळची आहे.

५. नामनिर्देशाचा प्रश्न

या दोघींस समलिंगी म्हणावें काय? शारीरिक संबंधाविषयीं रोजनिशी मौन पाळते. इ. स. १९७१ मध्यें एलिझाबेथ मेव्हर हिनें आपल्या चरित्रग्रंथांत या नात्यास भावोत्कट मैत्री असें म्हटलें. परंतु एक समकालीन साक्ष फार वजनाची आहे. हॅलिफॅक्सजवळील शिब्डेन हॉलची ॲन लिस्टर (१७९१–१८४०) ही स्वतः स्त्रियांवर प्रेम करणारी. जुलै १८२२ मध्यें ती लँगोलेनला आली. एलिनॉर आजारी असल्यामुळें केवळ साराची भेट झाली. सारानें तिला बागेंतील गुलाब दिला. हें नातें निव्वळ मैत्रीचें असेल असें आपणांस वाटत नाहीं, असा अभिप्राय तिनें आपल्या रोजनिशींत नोंदला.

ही रोजनिशी सुमारें पन्नास लक्ष शब्दांची असून तिचा साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपींत आहे. तिच्या वंशांतील जॉन लिस्टर यानें एका मित्राच्या साहाय्यानें ती लिपि इ. स. १८९० च्या सुमारास उकलली. आंतील मजकूर कळतांच मित्रानें सर्व वह्या जाळून टाकाव्या असा सल्ला दिला. जॉननें त्या जाळल्या नाहींत. भिंतीच्या लांकडी तक्तपोशीमागें दडवून ठेविल्या. इ. स. १९८८ मध्यें हेलेना व्हिटब्रेड हिनें त्यांतील उतारे प्रसिद्ध केले व इ. स. २०११ मध्यें युनेस्कोच्या ब्रिटनमधील स्मृतिनोंदवहींत त्यांचा समावेश झाला. एका माणसानें काडी ओढली नाहीं, म्हणून ही साक्ष आज आपणांपुढें आहे.

आमच्या मतें निर्णय असा करावा. ‘समलिंगी’ हा शब्द आपला आहे, त्या दोघींचा नव्हे. तो त्यांच्या मुखीं घालूं नये. परंतु एक शय्या, एक जमाखर्च, ग्रंथांवर दोघींचीं आद्याक्षरें, एक समाधि, इतक्या पुराव्यानंतर त्यांस नुसत्या मैत्रिणी म्हणून सोडून देणें हेंहि प्रमाणास सोडून होईल. स्त्रीपुरुषांच्या बाबतींत आपण याच्या निम्म्या पुराव्यावर संसार मान्य करतों.

६. संग्राहकांस विनंति

साराच्या मृत्यूनंतर इ. स. १८३२ मध्यें प्लास नेविधमधील ग्रंथ व वस्तु यांचा लिलाव झाला आणि जन्मभर जमविलेला संग्रह दहा दिशांस गेला. घर उरलें, कागद उरले. शेल्फांवरील क्रम कायमचा नष्ट झाला.

आपल्याकडे हा प्रश्न आजचा आहे. परस्परसंमतीचा समलिंगी संबंधहि अपराध ठरविणारें दंडसंहितेचें ३७७ वें कलम इ. स. १८६० च्या कायद्यानें आलें. अशा संबंधापुरतें सर्वोच्च न्यायालयानें तें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द ठरविलें. म्हणजे आज ज्यांनीं सत्तरी ओलांडली आहे त्यांचें बहुतेक आयुष्य त्या कलमाच्या छायेंत गेलें. पत्रें फाडून टाकणें, फोटोच्या पाठीवरील नांव खोडणें, वही मरणापूर्वीं जाळणें, हें त्यांस शहाणपणाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. न्यूयॉर्क येथें इ. स. १९७४ मध्यें समलिंगी स्त्रियांचा दप्तरखाना अशाच हेतूनें सुरू झाला: परक्याच्या हातीं पडून नाश होण्यापूर्वीं आपले कागद आपणच राखावे.

तेव्हां जुन्या घरचे रुमाल सोडतांना ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडणाऱ्या वह्यांकडे दोनदां पाहावें. एकत्र राहिलेल्या दोन पुरुषांचा किराण्याचा हिशेब, दोन शिक्षिकांनीं मिळून घेतलेल्या यात्रेचें टिपण, दोघांच्या नांवें आलेलें लग्नाचें आमंत्रण, हे कागद एकत्र आले आहेत तसेच एकत्र ठेवावे. त्यांची वाटणी करूं नये. व्यक्ति हयात असल्यास तिच्या संमतीवांचून एक ओळहि छापूं नये, आणि ती मागेल तेवढीं वर्षें दप्तर बंद ठेवावें. वाचतां येत नाहीं, किंवा वाचून संकोच वाटतो, या कारणास्तव मात्र कोणताही कागद अग्नीच्या स्वाधीन करूं नये. तक्तपोशीमागें जागा असतेच.