एकास चाळीस : ट्राम आणि ट्रॉलीबसच्या प्रतिकृतींविषयी

गतवर्षीच्या प्रदर्शनात आमच्या इतिहासाच्या वर्गखोलीत एक मोठी लाकडी फळी मांडली होती. तिच्यावर पुठ्ठ्याच्या इमारती, काळ्या रंगाचा रस्ता, रस्त्यात बसविलेले दोन रूळ आणि वर ताणलेल्या तारा होत्या. त्या तारांखालून वीतभर लांबीची एक ट्राम आणि तेवढीच एक ट्रॉलीबस विद्यार्थी चालवून दाखवीत होते. बहुतेक पालक कौतुकाने पाहत होते. मात्र ऊसतोडीहून नुकतेच परतलेले एक पालक आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आमच्या बापजाद्यांनी जन्मभर हातानंच कामं केली. पोराच्या हातचा कोयता सुटावा म्हणून त्याला इथं घातलं. आन् तुम्ही त्याच्या हातात पुन्हा कातर-हातोडीच द्यायलाव?"

प्रश्न रास्त होता. त्या गर्दीत आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी ही वाहने कोणती होती, त्यांच्या प्रतिकृती कशा करतात आणि आम्ही नेमकी हीच वाहने का निवडली, हे क्रमाने सांगावे लागेल.

'ट्रॉली' या शब्दापासून प्रारंभ

आमच्या बीड जिल्ह्यात 'ट्रॉली' म्हटले की ट्रॅक्टरमागे जोडलेली, ऊस आणि ऊसतोड कामगार वाहून नेणारी गाडीच डोळ्यांपुढे येते. म्हणून 'ट्रॉलीबस' हा शब्द प्रथम ऐकताच विद्यार्थ्यांनी ट्रॅक्टरने ओढलेल्या बसचे चित्र काढले होते. त्यांची चूक नव्हती. वस्तुतः येथे ट्रॉली म्हणजे वरच्या तारेवरून फिरणारे छोटे चाक. वाहनाच्या टपावरील लांब दांडीच्या टोकाशी ते बसविलेले असे आणि तारेतील वीज त्यातून खाली मोटारीकडे येत असे. पुढे चाकाऐवजी तारेवरून घसरणारी खोबणीची पट्टी आली, पण नाव तेच राहिले.

ट्राम आणि ट्रॉलीबस यांतील मुख्य भेद विजेच्या वाटेत आहे. वीज जेथून येते तेथे परत जाण्यास तिला वाट लागते. ट्राम लोखंडी रुळांवर धावते, त्यामुळे वरच्या एका तारेतून आलेली वीज चाकांवाटे रुळांतून परत जाते. तिला एक तार आणि एक दांडी पुरते. ट्रॉलीबसची चाके रबरी असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून तिला दोन तारा आणि दोन दांड्या लागतात, एक येण्याची आणि एक जाण्याची. एवढे समजले की निम्मी प्रतिकृती तयार झाली, असे आम्ही वर्गात सांगतो.

मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढण्याची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे आरंभीचे मार्ग. 7 मे 1907 रोजी तेथे विजेची ट्राम आली आणि 1920 मध्ये दुमजली ट्रामही धावू लागली. कोलकात्यात विजेची ट्राम त्याआधीच, 1902 मध्ये सुरू झाली होती. 1962 मध्ये मुंबईत गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आल्या, पण 1971 मध्ये त्या बंद झाल्या. त्यापूर्वीच, 31 मार्च 1964 च्या रात्री, बोरीबंदर ते दादर या मार्गावर मुंबईची शेवटची ट्राम धावली होती.

हीच वाहने का?

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी परळीहून जाणारे आपले बांधव 'दादर टीटी' हे नाव ऐकून आहेत. त्यातील टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, अर्थात ट्रामचे अखेरचे स्थानक. ट्राम जाऊन साठ वर्षे होऊन गेली, तरी नाव टिकून आहे. बाबासाहेबांचे 'राजगृह' याच दादर टीटीपासून जवळ, हिंदू कॉलनीत आहे. भायखळा, लालबाग, परळ आणि दादर जोडणारा तो हमरस्ता आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणून ओळखला जातो. परळला बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले आणि तेथीलच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. परळ आणि परळी या नावांत आमचे लहान विद्यार्थी नेहमी गोंधळतात. तो गोंधळ दूर करता करता नकाशाचाही अभ्यास होतो.

परंतु खरे कारण याहून खोल आहे. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात 1901 मधील एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ती भावंडे मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच कोणीही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. पुढे 1929 मध्ये चाळीसगाव येथे टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. हाकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती लगाम आला आणि बाबासाहेबांना अपघात झाला. तोवर ते परदेशातील उच्च पदव्या मिळविलेले बॅरिस्टर होते, हे लक्षात घ्यावे.

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नाही. न्यूयॉर्कमध्ये 1854 साली एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून बळाने उतरविण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या आणि 1855 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच शहरात 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. वाहनात कोणी कोठे बसावे, हा प्रश्न जगभर माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसला होता, हे यावरून ध्यानी येते.

बैलगाडी किंवा टांगा ही एका मालकाची वस्तू असते. सार्वजनिक ट्राममध्ये प्रवेश तिकिटावर मिळतो. तिकिटाने सर्व विषमता संपली, असे आम्ही म्हणत नाही. कोलकात्याच्या ट्राममध्ये पहिला आणि दुसरा असे वर्ग होते, म्हणजे पैशाची भिंत होतीच. तरीही तिकिटावर भाडे छापलेले असते, जन्म छापलेला नसतो. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

प्रतिकृती कशी करावी?

प्रथम प्रमाण ठरवावे. पुण्यातील कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण आढळते. जगभरच्या हौशी मंडळींतही ते रूढ आहे. त्या प्रमाणात दहा मीटरची बस साडेअकरा सेंटिमीटरची होते. शालेय मुलांच्या हातांना एवढे लहान काम जमत नाही, म्हणून आम्ही एकास चाळीस हे प्रमाण घेतले. मूळ माप मिलिमीटरमध्ये घेऊन चाळीसने भागावे, इतके ते सोपे आहे. दहा मीटरचे वाहन 25 सेंटिमीटर होते. 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस 41 मिलिमीटर होतो. कोलकात्याच्या ट्रामच्या रुळांमधील अंतर 1435 मिलिमीटर आहे, ते सुमारे 36 मिलिमीटर होते. परळी स्थानकातील ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर आहे, त्याचे 42 होतात. आपल्या स्थानकातील रूळ अधिक रुंद आहेत, हे विद्यार्थ्यांनी भागाकारातून स्वतःच शोधले.

सांगाड्यासाठी जाड पुठ्ठा आणि पातळ प्लायवूड वापरावे. खिडक्या कापण्यापूर्वी चारही बाजू कागदावर काढून घ्याव्यात, कारण एकदा कापलेली खिडकी बुजविता येत नाही. रुळांसाठी पितळी पट्टी आणि वरच्या मार्गासाठी तांब्याची उघडी तार घ्यावी. खांबांना सायकलच्या चाकातील आऱ्या उत्तम. रस्त्यापासून तार 14 सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे मूळच्या साडेपाच मीटरच्या जवळ जाते. दांडीसाठी पितळी तार आणि ती वर दाबून धरण्यासाठी जुन्या बॉलपेनची स्प्रिंग पुरते. मोटार मोडक्या खेळण्यातील चालते. मात्र ती फार वेगाने फिरते, म्हणून तिची गती दंतचक्रांनी कमी करावी. अन्यथा ट्राम रुळावरून उडते.

खऱ्या ट्रामच्या तारेत सुमारे 500 ते 600 व्होल्टचा दाब असे. आमच्या प्रतिकृतीला दीड व्होल्टचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट पुरतात. पालकांना आग्रहाची विनंती की, घरी प्रयोग करताना भिंतीवरील वीजबोर्डाशी या उघड्या तारा कधीही जोडू नयेत.

ट्रामचा एक ध्रुव वरच्या तारेला आणि दुसरा रुळांना जोडला की ती चालते. ट्रॉलीबस अधिक अवघड आहे. दोन तारा एकमेकींना न लागता दीड सेंटिमीटर अंतरावर ताणाव्या लागतात, आणि रूळ नसल्यामुळे बसला वळविण्याची सोयही करावी लागते. आम्ही रस्त्याखाली खाच करून लोखंडी तार पुरली आणि पुढच्या चाकांच्या आसाला लोहचुंबक बसविले. तारेच्या ओढीने चाके वळतात. जेथे ट्रामची तार ट्रॉलीबसच्या तारांना छेदते, तेथे मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालावा लागतो. पहिल्या दिवशी तो घालायचा राहिला आणि चारही सेल तापले. वीजमार्ग लघू झाला की काय होते, हे पुस्तकाच्या पानापेक्षा त्या तापलेल्या सेलांनी चांगले शिकविले.

आणखी एक चूक नोंदवितो. मुलांनी ट्राम उलटी चालविली, तेव्हा दांडी तारेत अडकून मोडली. दांडी नेहमी मागे झुकलेली असावी लागते. म्हणूनच पूर्वी अखेरच्या स्थानकावर दोरीने दांडी फिरवून घ्यावी लागे. मोडलेली दांडी हातात धरून एक विद्यार्थी म्हणाला, "म्हणून ती दोरी होती तर!" जुन्या छायाचित्रातील ती दोरी आम्हीही अनेकदा पाहिली होती, तिचे कारण मात्र आम्ही कधी विचारले नव्हते.

शेवटी प्रवासी. एका विद्यार्थिनीने मातीचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा घडवून खिडकीशी बसविला. तो मसूरच्या स्थानकावरील भीमराव आहे, असे तिने सांगितले आणि तसे लिहिण्याची परवानगी मागितली. ती आम्ही दिली नाही. भीमराव त्या दिवशी ट्राममध्ये नव्हते, आणि जे घडले नाही ते घडले असे लिहू नये, हा इतिहासाचा पहिला नियम आहे. पण आकृती तेथून काढलीही नाही. तो मुलगा आजही त्या खिडकीशी नावाविना बसलेला आहे.

त्या पालकांना आमचे उत्तर

बाबासाहेबांनी 1936 मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. एकाने विचार करावयाचा, दुसऱ्याने राबावयाचे, आणि राबणाऱ्याने कारण विचारावयाचे नाही, असे ते विभाजन होते. आपल्या पूर्वजांच्या हातात कौशल्य नव्हते असे नाही. त्या कौशल्यामागील गणित त्यांच्यापासून लपविले गेले आणि ते काम निवडण्याचा वा नाकारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कोयत्याचा दोष लोखंडात नाही, तो या सक्तीत आहे.

वर्गातील कातर वेगळी आहे, ती याच कारणाने. येथे कापण्यापूर्वी भागाकार करावा लागतो आणि मोडल्यावर कारण शोधावे लागते. मुलगी आणि मुलगा दोघेही ते करतात, आणि नको असल्यास नाकारूही शकतात. जे हात आणि जी बुद्धी शतकानुशतके वेगळी ठेवली गेली, त्यांची गाठ घालून देणे हे आम्ही शिक्षकाचे काम मानतो.

प्रदर्शन संपताना ते पालक पुन्हा फळीजवळ उभे दिसले. ट्रॉलीबसला दोन दांड्या का, हे त्यांचा मुलगा त्यांना समजावून सांगत होता. त्यांनी रबरी चाकाला बोट लावून पाहिले आणि विचारले, "आन् चाकं लोखंडाची केली तर?" मुलगा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "मग रूळ टाकावे लागतील, आबा." प्रश्न उत्तम होता. तो विचारणारे हात कोयत्याचे होते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मुंबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयास भेट द्यावी. तेथे जुन्या वाहनांच्या प्रतिकृती आहेत. आपल्या घरी कोणाचे आजी-आजोबा मुंबईत गिरणीत वा गोदीत कामास असतील, तर ट्रामची त्यांची आठवण लिहून पाठवावी. कोठे चढत, किती पैसे पडत, शेजारी कोण बसे, एवढे पुरे. फळीवर अजून बऱ्याच जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांवर काय बसवावे हे आम्हांला पुराव्यानेच ठरवावयाचे आहे.