पाप वेगळे, गुन्हा वेगळा

समलैंगिकतेबद्दल चर्चचे म्हणणे काय, हा एक प्रश्न. ते म्हणणे पोलिसांनी अमलात आणावे का, हा दुसरा. चर्चेत या दोहोंची गल्लत होते.

शिकवण काय सांगते?
बायबलमध्ये हा विषय मोजक्याच ठिकाणी येतो, प्रामुख्याने जुन्या करारात लेवीय आणि नव्या करारात पौलाची पत्रे. त्यांच्या अर्थावरून पंथापंथांत वाद आहेत. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथानुसार समलैंगिक संबंध मान्य नाहीत, अशा व्यक्तींनी ब्रह्मचर्य पाळावे. मात्र त्यांना आदराने, करुणेने वागवावे, अन्याय्य भेदभाव करू नये, हेही तिथेच लिहिले आहे.

पापाचा गुन्हा कसा झाला?
इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंधांचे आरोप पूर्वी धर्मन्यायालयांकडे जात. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या कायद्याने ते राजाच्या न्यायालयांकडे आले आणि शिक्षा ठरली फाशी. १८६१ मध्ये फाशी गेली, कारावास उरला. त्याआधी वर्षभर, १८६० मध्ये, ब्रिटिश राजवटीतल्या भारतीय दंड संहितेत असे संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ आले होते. कमाल शिक्षा जन्मठेप.

चर्चमधूनच बदलाचा आवाज
प्रौढांनी संमतीने, खासगीत केलेले समलैंगिक कृत्य गुन्हा नसावे, अशी शिफारस १९५७ मध्ये ब्रिटनच्या वुल्फेन्डन समितीने केली. कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅमझी ते कृत्य पापच मानत. तरीही लॉर्ड्सच्या सभागृहात त्यांनी सुधारणेची बाजू घेतली. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सपुरता कायदा बदलला; संमतीचे किमान वय २१.

भारतातले दोन सूर
प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. २०१३ मध्ये त्या न्यायालयाच्या निकालाने कलम पुन्हा पूर्णपणे लागू झाले, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलैंगिकांना गुन्हेगार मानण्यास विरोध केला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले गेले.

२०२३: एकच वर्ष, दोन दिशा
जानेवारीत पोप फ्रान्सिस म्हणाले, समलैंगिक असणे गुन्हा नव्हे. डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशिवाय आशीर्वाद देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी मे महिन्यात युगांडाने काही प्रकारांसाठी मृत्युदंड असलेला कायदा केला. तिथल्या अँग्लिकन आर्चबिशपांनी त्याचे स्वागत केले. फक्त मृत्युदंडाऐवजी जन्मठेप असावी, असे सुचवले. शिकवण दोन्हीकडे जवळपास सारखीच; फरक पडला तो तुरुंगाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची यात.