जखमेवाचून वेदना

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाची एक बाजू पहाडगंजकडे उघडते. तेथे दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाची पाठ संध्याकाळी दुखू लागली, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. स्नायूंवर ताण पडतो, मज्जातंतू त्याची वर्दी मेंदूला देतात आणि वेदना जाणवते. विसावा मिळाला की ती ओसरते. अशी वेदना हा शरीराचा पहारेकरीच होय.

परंतु पहाडगंजसारख्या गजबजलेल्या वस्तीत काय, किंवा एखाद्या खेड्यात काय, अशीही माणसे आढळतात, की ज्यांनी ओझे उचललेले नसते, ज्यांचे हाड मोडलेले नसते, आणि तरीही त्यांची मान, खांदे, पाठ व मांड्या महिनोन् महिने दुखत राहतात. झोपून उठले तरी थकवा जात नाही, एकाग्रता मंदावते. रक्त तपासले, क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले, तरी दोष सापडत नाही. या विकारास फायब्रोमायल्जिया म्हणतात. तो स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळतो. त्यामुळे ‘हे सारे मनाचे खेळ’ हा शेरा बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येतो. तो शेरा कितपत खरा आहे?

१९०४ साली गॉवर्स या ब्रिटिश वैद्याने ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा योजली. स्नायूंतील तंतुमय भागास दाह होत असावा, असा तिचा अर्थ. पुढे स्नायूंचे सूक्ष्म परीक्षण करूनही तसा दाह आढळेना. तेव्हा १९७६ च्या सुमारास फायब्रोमायल्जिया हे नवे नाव पुढे आले. त्यात तंतू, स्नायू व वेदना यांचा उल्लेख आहे; दाहाचा नाही.

मग बिघाड कोठे असतो? घरातील रेडिओचे उदाहरण घ्यावे. आकाशवाणीचे केंद्र नेहमीप्रमाणेच बोलत असते; परंतु आवाजाची कळ पिळून ठेवली, तर कुजबुजही गर्जनेसारखी भासते. या विकारात मज्जारज्जू व मेंदू यांची अवस्था काहीशी अशीच होते. २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला व त्याच वेळी त्यांच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा घेतल्या. निरोगी व्यक्तीस जेवढ्या दाबाने वेदना होत, त्याच्या जवळजवळ निम्म्या दाबाने रुग्णास तितकीच वेदना झाली, आणि मेंदूतील तत्संबंधी भागही तसेच जागे झालेले दिसले. रुग्णाचे सांगणे मेंदूच्या प्रतिमेशी जुळले.

कळ अशी पिळली जाण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना शमविणारे संदेशही उतरत असतात; सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये ते काम करतात. रुग्णांत हा शमनमार्ग दुबळा पडतो. उलट, वेदनेचे संदेश वाढविणारे ‘पदार्थ-पी’ हे द्रव्य मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात सुमारे तिपटीने आढळले आहे. झोपेचाही संबंध आहे. १९७५ मध्ये कॅनडात मोल्डोफ्स्की यांनी निरोगी तरुणांच्या गाढ झोपेत वारंवार व्यत्यय आणला, तेव्हा त्यांचेही अंग दुखू लागले. काही रुग्णांच्या त्वचेतील बारीक मज्जातंतू विरळ झालेले दिसतात. २०२१ मध्ये ब्रिटन व स्वीडन येथील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये उंदरांस टोचली, तेव्हा ते उंदीर दाबास व थंडीस अधिक संवेदनशील झाले. निरोगी माणसांच्या प्रतिद्रव्यांनी तसे घडले नाही. या साऱ्या धाग्यांची गुंफण अद्याप पूर्ण उलगडलेली नाही.

हा विकार समूळ नाहीसा करणारे औषध उपलब्ध नाही. तथापि बेताबेताने वाढविलेला नित्य व्यायाम, नियमित झोप, मनावरील ताण हलका करण्याचे उपाय आणि शमनमार्गास बळ देणारी औषधे यांनी अनेकांस आराम पडतो. त्यासाठी विकार वेळीच ओळखला गेला पाहिजे.

पहाडगंजपासून जवळच १९१६ मध्ये लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य तयार व्हाव्यात, हा त्यामागील एक हेतू होता. दुखणे सांगण्याची वाट अशी मोकळी झाली. सांगितलेले दुखणे खरे मानणे, हे काम घरच्यांचे आणि वैद्याचे आहे.