'आज काय करायचं?' हे सगळ्या घरानं ठरवायचं

रात्रीच्या स्वयंपाकातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे काय करायचं ते ठरवणं. भाकरी, आमटी, भात हे सवयीनं हाताला येतं. पण रोज संध्याकाळी 'आज काय?' याचं उत्तर एकाच बाईनं द्यायचं, ते सगळ्यांना रुचेल असं द्यायचं आणि घरात काय शिल्लक आहे, काय संपलंय हेही तिनंच ध्यानात ठेवायचं, यानं जीव थकतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटली की खानापूर रोडला दुचाक्यांची गर्दी होते. त्या गर्दीतल्या कुठल्याही बाईला विचारा, घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात डाळ भिजवली होती का, पीठ आहे का, मुलगा भाजी खाईल का, हेच चाललेलं असतं. दिवसभर व्हर्नियर धरून उभं राहण्यापेक्षा हाच शीण मोठा, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी जणी सांगतात.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं 2024 साली लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली सरासरी निघाली दिवसाला 289 मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटं. यातला 'करणाऱ्या' हा शब्द नीट वाचा. जे पुरुष घरात कपबशीही विसळत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. आणि लक्षात ठेवण्याचं, ठरवण्याचं काम तर हात दुसऱ्या कामात असतानाच डोक्यात चालू असतं, त्याची मिनिटं कोण मोजणार?

नुसती मदत मागून हे ओझं हलकं होत नाही, हे माझं ठाम मत आहे. 'मी काय करू सांग' असं म्हणत कुणी ओट्याशी आलं की सांगण्याचं काम परत आपल्याकडेच येतं. म्हणून आधी ठरवणं वाटून द्यायचं. करणं आपोआप वाटलं जातं.

कारखान्यात नवा जॉब लावायचा तर आधी सेटिंग होतं. फिक्श्चर बसवायचं, टूल लावायचं, पहिला पीस काढून तपासायचा, यात तास-तास जातो; पुढं कटिंग मात्र मिनिटांत होतं. रात्रीच्या स्वयंपाकाचंही तसंच आहे. भिजवणं, निवडणं, चिरणं, पीठ-मीठ आहे का बघणं हे सेटिंग. ते झालेलं असेल तर पाच माणसांचं जेवण पाऊण तासात ताटात येतं, नसेल तर दीड तास लागतो आणि घरात सगळेच चिडचिडे होतात. सेटिंगला स्वयंपाक यावा लागत नाही. ते घरातलं कुणीही करू शकतं आणि संध्याकाळी सहाच्या आतच करू शकतं.

आमच्या घरी सासूबाई, नवरा, पीयूसीला असलेली मुलगी, सहावीतला मुलगा आणि मी. शनिवारी रात्री जेवणं झाली की सगळे तिथंच बसतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सोमवार ते शुक्रवार असे पाच वार लिहायचे आणि प्रत्येकानं एकेक वार घ्यायचा. ज्याचा वार त्यानं पदार्थ सांगायचा आणि त्या दिवशी त्यानंच ओट्याशी उभं राहायचं. ठरवलं एकानं आणि राबलं दुसऱ्यानं, असं चालत नाही. ज्याला फार वेळ लागतो तो पदार्थ रविवारी. मुलगा कागद लिहायच्या आधी डबे उघडून बघून येतो: मूग अर्धा डबा, पोहे संपत आलेत, गूळ आहे. हे त्याचं काम, आणि त्यात तो माझ्याहून पक्का झालाय.

मग रविवारी सकाळी बाजार. बेळगावकरांचं भाग्य असं की वडगाव, अनगोळ, शहापूरचं शिवार गावाला लागूनच आहे. इथला बासमती ज्या जमिनीत पिकतो त्याच पट्ट्यातली ताजी भाजी गणपत गल्लीत मिळते. थंडीत हिरवा मटार आणि गाजर, नवरात्रात रताळ्यांचे ढीग, आणि जवारी काकडी दिसली की सासूबाई ती सोडत नाहीत. पाच वारांचा कागद हातात असला की भाजी नेमकी घेतली जाते आणि फ्रीजमध्ये कोथिंबीर कुजत नाही. आणखी एक फायदा आम्हाला नंतर कळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं असं सांगितलंय. एकेका दिवशी ते डोळ्यांना दिसत नाही. आठवड्याचा कागद समोर असला की मुलगीच म्हणते, "आई, तीन दिवस नुसता भात आणि आमटी आहे, पालेभाजी कुठंच नाही."

मंगळवार मुलीचा. तिचा पदार्थ बहुतेक वेळा ठरलेला, आख्खा मसूर. आपल्याकडच्या हायवेवरच्या ढाब्यांनी याला मोठं नाव मिळवून दिलं, पण आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी यासारखा सोयीचा पदार्थ नाही. हरभऱ्याला रात्रभर भिजवावं लागतं, मसूर बारीक आणि चपटा असल्यामुळं न भिजवताही शिजतो. पाच जणांना दीड वाटी मसूर, साडेचार वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. तोवर कढईत तीन चमचे तेल तापवायचं, मोहरी-जिरं, दोन बारीक चिरलेले कांदे चांगले लाल होईपर्यंत परतायचे. इथं घाई केली की चव गेलीच. मग चमचाभर आलं-लसूण, दोन टोमॅटो, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, मीठ, आणि तेल कडेनं सुटलं की शिजलेला मसूर पाण्यासकट ओतून दहा मिनिटं उकळू द्यायचा. दाणा बोटात धरून दाबला तर चिरडावा, पण अख्खा दिसावा. मसूर मोजून धुणं मुलाकडं, कांदा ज्याला वेळ असेल त्याच्याकडं, फोडणी मुलीकडं. मी त्या दिवशी कोशिंबीर करते आणि बाकी कशात पडत नाही.

गुरुवार नवऱ्याचा: झुणका-भाकरी. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हापासून हे गाव यंत्राच्या कामात आहे. माझा नवराही त्यातलाच, फौंड्रीत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड साच्यात ओततो. त्याच्या हाताला तव्याची आच नवी नव्हती, पिठाचा अंदाज तेवढा नवा होता. लेकानं चुलीपाशी उभं राहणं सासूबाईंना पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर शिकवायला त्याच बसल्या.

जोंधळ्याची भाकरी का मोडते, हे समजून घेतलं की ती जमते. गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो तो जोंधळ्यात नाही. म्हणून पाणी कढत घ्यायचं. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ एकमेकाला धरून राहतं. उकळतं पाणी पिठावर ओतून आधी चमच्यानं हलवायचं, झाकण ठेवायचं आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ. थापताना कडा फुटायला लागल्या की पीठ कमी मळलं किंवा गार झालं असं समजायचं. एका गुरुवारी कितीही मळलं तरी कडा फुटतच होत्या. सासूबाईंनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "विरी गेलीय पिठाची. जुनं झालंय. आता पाणी आणखी कढत घाल की, आणि पुढच्या खेपेला पंधरा दिवसांचंच दळून आण." भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला हातानं पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर. फुगली की त्याच्याएवढा आनंद घरात दुसऱ्या कशाचा होत नाही. झुणक्याला फार तर पंधरा मिनिटं लागतात, तो मुलगी करते.

नवऱ्याची सेकंड शिफ्ट असते त्या आठवड्यात तो रात्री घरी नसतो. तेव्हा त्याचं काम सकाळी: मूग-मटकी भिजवणं, कांदा चिरून डब्यात, खोबरं किसून, लसूण सोलून. दुपारी निघण्याआधी हे सगळं फ्रीजमध्ये. त्याच्या वाराला भाकरीऐवजी बाजारची कडक भाकरी, उत्तर कर्नाटकात घरोघरी बायका करून विकतात ती. पातळ, वाळवलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी. तिच्याबरोबर उसळ, दही, कांदा आणि कारळ्याची चटणी. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

बाकीचे वार साधे. सासूबाईंची मुगाची खिचडी आणि कढी, मुलाचं थालीपीठ, माझ्या शुक्रवारी उरलंसुरलं आणि दहीबुत्ती.

आता मापाविषयी. बेळगावच्या घराघरांत आमटी फार चांगली होते, पण ती ज्या बाईला येते तिच्या हातातच राहते, कारण सगळं अंदाजानं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 साली आलं. नावापासूनच ते घरातल्या बाईशी बोलतं. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली, ती वाटी-चमच्याच्या मापात. माझ्या मते रुचिराचं सगळ्यात मोठं काम हेच: ज्यानं आयुष्यात फोडणी दिली नाही त्यालाही ती वाचून देता येते. आम्ही घरच्या आमटीचं माप असंच काढलं. सासूबाईंनी नेहमीसारखी आमटी करायची. मीठ तळहातावर घेतलं की मुलीनं ते चमच्यात भरून बघायचं आणि मग पातेल्यात. चिंच लिंबाएवढी म्हणजे किती, गूळ सुपारीएवढा म्हणजे किती, तिखट किती, सगळं लिहून काढलं. तो कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, आणि आमटी घरातल्या कुणालाही येते.

मुलांना कामाला घेताना सावधपणा हवाच. सहा-सात वर्षांच्या मुलानं मटार सोलावा, कोथिंबीर निवडावी, डाळ मोजून धुवावी. दहा-अकराव्या वर्षी काकडी चिरायला, पीठ मळायला हरकत नाही, पण गॅसशी मोठं माणूस हवं. कडधान्य असो वा भात, कुकर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नये, बाकी कशालाही दोन तृतीयांशाच्या वर नको. कडधान्याचा फेस शिट्टीत अडकतो. वाफ पूर्ण बसल्याशिवाय झाकणाला हात नाही, हा नियम लहान-मोठ्या सगळ्यांना. आणि शिफ्टवाल्या घरांसाठी एक विशेष गोष्ट: रात्री उशिरा येणाऱ्यासाठी भात ओट्यावर झाकून ठेवू नका. शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू भातात असतात आणि तो कोमट राहिला की वाढतात. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. येत्या आठवड्यातला एकच वार घ्या आणि घरातल्या ज्या माणसानं आजवर गॅस पेटवला नाही त्याच्या नावावर लिहा. पदार्थ त्याला ठरवू द्या, सामान त्याला बघू द्या, मीठ कमी-जास्त झालं तरी सगळ्यांनी पोटभर जेवा, आणि पुढच्या आठवड्यात तो वार त्याच्याकडून काढून घेऊ नका.