मॅक्युलर होल आणि तो निळा रंग

मॅक्युलर होलच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला मधोमध पडणाऱ्या छिद्राच्या, शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत निळा रंग सोडतात, हे ऐकून घरातली माणसं धास्तावतात. काही जण तेवढ्यासाठी तारीख पुढे ढकलतात, आणि हे फार वाईट आहे. छिद्र जितकं जुनं आणि मोठं, तितकी ते मिटण्याची आणि नजर परत येण्याची शक्यता कमी.

पहिली चुकीची समजूत अशी, की हा रंग म्हणजे छिद्र बुजवणारं औषध. रंग काहीही बुजवत नाही, तो फक्त दाखवतो. आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर एक पारदर्शक पापुद्रा असतो. डॉक्टर त्याला आयएलएम म्हणतात. त्याची जाडी असते अवघी दोन-तीन मायक्रॉन. वयानुसार डोळ्यातली जेली पडद्यापासून सुटताना मधोमध ओढ बसते आणि तिथे छिद्र पडतं. जेली काढून, आत गॅस भरून ते मिटवता येतं, हे केली आणि वेंडेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ साली दाखवलं. पण तेव्हा ५२ डोळ्यांपैकी ५८ टक्क्यांतच यश आलं. पुढे छिद्राभोवतीचा आयएलएम सोलून काढला जाऊ लागला, कडांवरचा ताण सुटला आणि आता दहातली नऊ छिद्रं, कधी त्याहून अधिक, मिटतात. मात्र पारदर्शक पडद्यावरचा पारदर्शक पापुद्रा नुसता दिसत नाही, आणि चिमटा जरा खोल गेला तर खालच्या चेतातंतूंना इजा होते. रंग लागतो तो इथे.

‘डोळ्याच्या अँजिओग्राफीला टोचला तोच ना हा?’ नाही. तिथे फ्लुरोसिन हातातल्या शिरेतून रक्तात जातं आणि लघवी दिवसभर पिवळी होते. इथे रंगाचे थोडे थेंब थेट पडद्यावर सोडतात आणि लगेच धुऊन, शोषून काढतात. डोळा निळा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर धूसर दिसतं ते गॅसमुळे. तो विरेपर्यंत विमानप्रवास करायचा नसतो, आणि घाट चढून उंच ठिकाणी जायचं असलं तरी आधी डॉक्टरांना विचारावं.

रंग विषारी असतो का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. २००० च्या सुमाराला इंडोसायनिन ग्रीन वापरात आलं. पापुद्रा त्याने सुरेख हिरवा होई. पण काही वर्षांतच काही रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रात खोट आल्याच्या, पडद्याखालच्या रंगपेशी बिघडल्याच्या नोंदी येऊ लागल्या. छिद्र म्हणजे उघडं दारच, त्यातून रंग थेट त्या पेशींपर्यंत पोहोचतो. द्रावण किती तीव्र, ते किती वेळ ठेवलं, आतल्या दिव्याचा प्रकाश किती पडला, यावर धोका कमी-जास्त होतो. ट्रिपॅन ब्लू पापुद्र्यापेक्षा त्यावर वाढणाऱ्या चिकट थराला अधिक धरतं. २००६ साली जपानमधल्या क्यूशू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ब्रिलियंट ब्लू जी वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ते आयएलएमला नेमकं धरतं आणि तुलनेने बरंच निर्धोक ठरलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली.

रंग चांगला निवडला म्हणजे काळजी संपली, असंही नाही. २०१२ साली अमेरिकेत याच ब्रिलियंट ब्लूमुळे अनेकांच्या डोळ्यात बुरशीचा गंभीर संसर्ग झाल्याचं उघड झालं. दोष रंगाचा नव्हता, एका औषधशाळेत बनवलेल्या दूषित कुप्यांचा होता. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: रंग कोणता वापरणार, आणि तो डोळ्यातल्या वापरासाठी बनवलेल्या, सीलबंद, एकदाच वापरायच्या कुपीतला आहे ना?