बालवाचकाची तीन वये : सांगोला तालुक्याच्या संदर्भात ग्रंथशिफारशीचा विचार

ग्रंथालयाच्या बालविभागात पुस्तकांची मांडणी बहुधा वयोगटांप्रमाणे केलेली असते. ही विभागणी सोयीची आहे व तिला बालमानसशास्त्राचा काहीसा आधारही आहे. सुमारे सात ते अकरा या वयात मुलाचा विचार प्रत्यक्ष वस्तूंच्या आधाराने चालतो, अमूर्त कल्पनांची हाताळणी त्यानंतर सुरू होते, हे जाँ पियाजे यांचे प्रतिपादन अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. तथापि या विभागणीत एक गृहीतक दडलेले असते. मुलाचे वय, त्याची श्रवणातून होणारी समज आणि त्याचे वाचनकौशल्य ही तिन्ही एकाच गतीने वाढतात, असे ते गृहीतक होय. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यासारख्या प्रदेशात ते कितपत टिकते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण मुलूख. डाळिंबाच्या बागांनी अलीकडच्या काळात येथील शेतीला नवे रूप दिले असले, तरी पाऊस हुलकावणी देतो तेव्हा कुटुंबांना पोटासाठी गाव सोडावे लागते. मेंढपाळांचे तर वर्षातील कित्येक महिने कळपामागे भटकण्यात जातात. अशा घरातील मुलाच्या शिक्षणात खंड पडणे स्वाभाविक आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क दिला. ही तरतूद न्याय्यच आहे; परंतु तिच्यामुळे पाचवीच्या वर्गात अकरा वर्षांचा, पण दुसरीच्या मुलाइतकेच वाचू शकणारा विद्यार्थी बसलेला असू शकतो. विशेष प्रशिक्षणाने ही उणीव भरून काढावी, असे अधिनियमास अभिप्रेत आहे. ती भरून येईपर्यंत त्या मुलाने वाचावे काय, हा प्रश्न मात्र ग्रंथपालासमोर उभा राहतो.

दुसरीकडे, याच मुलाची श्रवणशक्ती शहरी मुलापेक्षा उणी असेल असे मानण्यास आधार नाही. माणदेशात धनगरी ओव्यांची परंपरा दृढ आहे. बिरोबासारख्या दैवतांच्या दीर्घ कथा गायन व निवेदन यांच्या मिश्रणातून रात्र रात्र सांगितल्या जातात. पंढरपूर जवळ असल्याने कीर्तन व भजन हेही कानांवरून गेलेले असते. उपकथानकांनी भरलेली कथा ध्यानात ठेवणे, पात्रांची नाती ओळखणे, निवेदकाने अर्धवट सोडलेला धागा पुन्हा पकडणे, ही साहित्यास्वादाची अंगे अशा मुलाला अक्षरओळखीपूर्वीच अवगत होऊ शकतात. म्हणजे त्याचे श्रवणाचे वय त्याच्या वाचनाच्या वयाच्या कितीतरी पुढे असू शकते. शिफारस करणाऱ्याने जन्माचे, श्रवणाचे आणि वाचनाचे अशी तीन वये निरनिराळी विचारात घेतली पाहिजेत.

तीन ते सहा या वयात प्रश्न केवळ श्रवणाचा व चित्रांचा असतो. येथे लय आणि पुनरावृत्ती महत्त्वाची. विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ (१९६१) हा संग्रह मोठ्याने वाचून दाखविण्यास उत्तम. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांत घरातील नाती लहान मुलीच्या नजरेतून येतात.

सहा ते आठ या वयात मूल स्वतः वाचू लागते. मराठीत या टप्प्यावरील मोठा अडसर जोडाक्षरांचा असतो. यास्तव ठळक टाइप, आखूड वाक्ये आणि विरळ जोडाक्षरे ही पुस्तकनिवडीची पहिली कसोटी ठरावी. घरची बोली व छापील भाषा यांतील अंतरही येथेच प्रथम जाणवते. मूल छापील ‘आहे’चा उच्चार ‘हाय’ असा करते तेव्हा त्याने अर्थ ग्रहण केलेला असतो. ती वाचनातील चूक समजून त्याला थांबविणे अहितकारक होय.

नऊ ते बारा हा वयोगट सर्वांत नाजूक आहे. अडखळत वाचणाऱ्या मोठ्या मुलाच्या हाती शिशुगटातील चित्रपुस्तक दिले, तर ते त्याला वाचता येते. पण वर्गमित्रांदेखत त्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा ग्रंथालयाकडे फिरकत नाही. त्याला हवा असतो त्याच्या वयाचा विषय, परंतु सोप्या व लहान परिच्छेदांत मांडलेला. जनावरे, विहिरी, यंत्रे, ग्रहतारे यांविषयीची सचित्र माहितीपर पुस्तके येथे कथेपेक्षाही उपयोगी पडतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातील (आरंभ १९७१) छोटे स्वतंत्र लेख याच कारणाने मोलाचे आहेत. सराईतपणे वाचणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ मालिका आहे. मालिकेचा लाभ असा की नायक एकदा परिचित झाला म्हणजे पुढील प्रत्येक पुस्तकाचा उंबरठा ठेंगणा होतो.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची शिफारस याच वयासाठी नेहमी केली जाते. त्यातील कोकणचा निसर्ग व चालीरीती माणदेशी मुलाला अनोळखी असतात आणि एकट्याने वाचताना त्याची गती तेथे खुंटते. वस्तुतः या पुस्तकाची रचनाच रात्री एकत्र बसून सांगितलेल्या आठवणींची आहे. ते रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचून दाखविले, तर अनोळखी शब्दांचा अडथळा निवेदकाच्या आवाजात विरून जातो.

तेरा वर्षांपुढील वाचकासाठी तर त्याच्या परिसरातीलच वाङ्मय उपलब्ध आहे. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) व ‘बनगरवाडी’ (१९५५) ही पुस्तके मुलांसाठी लिहिलेली नाहीत. परंतु पहिल्यातील प्रत्येक व्यक्तिचित्र स्वयंपूर्ण व आटोपशीर असल्याने मंदगती वाचकालाही ते एका बैठकीत संपविता येते. दुसऱ्यात धनगरवस्तीवर आलेला तरुण शिक्षक, मेंढरे आणि दुष्काळ आहेत. आपल्या वस्तीचे जीवन छापील पानावर येण्याच्या योग्यतेचे आहे, हा प्रत्यय या वयात वाचनाची गोडी कायम करणारा ठरू शकतो. नऊ ते बारा या वयासाठी मात्र माणदेशी जीवनावरील इतके समर्थ लेखन सहसा हाती येत नाही. ही पोकळी लेखक, प्रकाशक व संशोधक या तिघांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते, तर दुसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे. बालविभागात ही सूत्रे अमलात आणण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पुस्तकाच्या नोंदपत्रावर एका वयाऐवजी दोन खुणा कराव्यात : कोणत्या वयापासून वाचून दाखविता येईल आणि किती सराव झाल्यावर स्वतः वाचता येईल. वाचकाच्या पत्रावर त्याच्या इयत्तेबरोबर त्याने अखेरपर्यंत वाचलेल्या शेवटच्या पुस्तकाचे नाव असावे. मुलाला पुढचे पुस्तक कोणते द्यावे, हे त्याच्या जन्मतारखेपेक्षा ते नाव अधिक खात्रीने सांगेल.