पॅरिसला उतरा, रोमहून परता
युरोपची सहल आखताय? मग जाणं-येणं एकाच शहरातून करू नका. विमानाचं ‘मल्टी-सिटी’ तिकीट काढा: मुंबईहून पॅरिस आणि परतताना रोमहून मुंबई. मधला प्रवास रेल्वेनं! पॅरिसहून झ्युरिक साधारण ४ तास, तिथून मिलान सव्वातीन, पुढे रोम ३ तास. झ्युरिक-मिलान मात्र दिवसाउजेडीच करा. आधी तळ्यांच्या काठाकाठानं, मग २०१६ साली सुरू झालेला ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा, आणि बाहेर पडताच इटालियन बोलणारं स्वित्झर्लंड! माझा सगळ्यांत लाडका टप्पा. युरेल पास असला तरी फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आरक्षण वेगळं लागतं. पासवाल्यांच्या जागा मोजक्याच, तेव्हा लवकर घ्या. शेंगेन व्हिसासाठी अर्ज, जिथे मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे.